‘दी’ आणि ‘मिश’: तुर्की शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून सुरुवात. दहा महिने, रोज एक तास तुर्की, आणि शिकता शिकता विचार करण्याच्या सवयीत काही फरक पडतो का ते इथे टिपून ठेवायचं. प्रकल्प एवढाच.

तुर्की निवडली, कारण ती मला अजिबात येत नाही आणि आजूबाजूला कुणी बोलतही नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषा मी फार लहान असताना माझ्यात येऊन बसल्या. त्या येताना माझ्यात काय बदललं ते पाहायला मी हजरच नव्हते. या वेळी हजर राहायचं आहे.

तुलनेसाठी आधीचं काहीतरी हाताशी हवं. म्हणून पहिले दोन महिने रोज रात्री दिवसभरातल्या पाच गोष्टी पाच मराठी वाक्यांत लिहायच्या, वेगळ्या वहीत, फार विचार न करता. ती वही मे महिन्यापर्यंत उघडायची नाही.

१३ जानेवारी

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना तुर्की शिकवायला ४४ आठवडे, ११०० तास धरते. मला पहिल्याच आठवड्यात छोटी वाक्यं जुळवता येऊ लागली, आणि याचं श्रेय मराठीला. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेले. ‘एव्देयिम’: एव म्हणजे घर, दे म्हणजे त, यिम म्हणजे मी आहे. घरात आहे. इंग्रजीकडून जाणाऱ्याला इथे अख्खं वाक्य उलटं करावं लागतं, मला फक्त शब्द बदलायचे.

जड जातेय ती स्वरसंगती. प्रत्ययातला स्वर मागच्या शब्दातल्या स्वराचं ऐकतो. घरात असेन तर ‘एव्देयिम’, पण शाळेत असेन तर ‘ओकुल्दायम’. दे चा दा झाला, यिम चा यम. नियम कळायला पाच मिनिटं लागली, जिभेला कळायला किती लागतील ठाऊक नाही. मोठ्याने म्हणत राहायचं.

विचारात फरक: काही नाही. मराठीत विचार करतेय आणि वरून तुर्की शब्द चढवतेय.

१ फेब्रुवारी

शब्दांची वही भरतेय आणि दर पानावर ओळखीचं कुणीतरी भेटतंय. हवा ती हवाच. साबण ‘साबुन’, हिशेब ‘हेसाप’, जबाब ‘जेवाप’, कलम ‘कालेम’. अरबी-फारसीतून दोन्हीकडे पोचलेली ही मंडळी.

काहींनी वाटेत अर्थ बदललेत, आणि तिथे मी जास्त वेळ थांबले. ‘फिकिर’ म्हणजे तुर्कीत कल्पना. ‘बिर फिक्रिम वार’ हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोलणारा कसल्या तरी काळजीत आहे असं वाटलं. तो म्हणत होता, मला एक कल्पना सुचलीय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विचार. आपल्याकडे येईपर्यंत त्या विचाराला काळजी चिकटली आणि विचार गळून गेला. ‘झोर’ म्हणजे अवघड. आपला ‘जोर’ तोच. ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा, आणि आपल्या ओळखीचा मुसाफिर म्हणजे प्रवासी. माणूस एकच. एका भाषेने त्याला रस्त्यावर पाहिलं, दुसरीने दारात.

१७ फेब्रुवारी

सरावाला एक मित्र मिळाला. भाषांची देवाणघेवाण करायच्या एका ॲपवर. मी त्याचं इंग्रजी सुधारायचं, त्याने माझी तुर्की. सगळं लेखी, आवाज नाही, फोटो नाही. पुलांची आरेखनं करतो. न कंटाळता चुका दाखवतो आणि उत्तर आयतं देत नाही, आधी प्रश्न विचारतो.

९ मार्च

आज ज्याची वाट पाहत होते ते घडलं असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी त्याला लिहिलं होतं, आजची बैठक रद्द झाली: ‘तोप्लान्ती इप्ताल ओल्दू’. व्याकरण बरोबर, स्वरसंगती बरोबर. उत्तरात फक्त एक प्रश्न आला: ‘ओरादा मय्दन?’ तिथे होतीस का?

मी विचारात पडले. बैठक रद्द झाल्यावर तिथे कोण असणार? मला सहकाऱ्याने सांगितलं होतं. तसं कळवल्यावर उत्तर आलं: मग ‘ओल्मुश’ लिही.

तुर्कीत भूतकाळाचे दोन प्रत्यय आहेत. ‘गेल्दी’ म्हणजे आला, आणि हे मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतोय. ‘गेल्मिश’ म्हणजेही आला, पण मला ते कुणाकडून कळलं, किंवा दाराशी चपला दिसल्या म्हणून ताडलं, किंवा माझं लक्ष नसताना तो आला आणि मला आत्ता समजलं. स्वरसंगतीमुळे या मिश ची मिश, मश, मुश, म्युश अशी चार रूपं होतात. ज्याबद्दल आता कुणी वाद घालत नाही असा इतिहास दी ने सांगतात, तिथे कुणी हजर नसलं तरी. परीकथा मात्र मिश ने. त्यांची सुरुवातच ‘बिर वारमश, बिर योकमुश’ अशी: एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे.

आपलं ‘आला’ यातलं काहीच सांगत नाही. पाहिलं असो, ऐकलं असो, नुसता अंदाज असो, ‘आला’ म्हटलं की झालं. तुर्कीत झालेलं सांगायला क्रियापद तोंडातून निघण्याआधी ठरवावं लागतं, हे मला कसं कळलं? आज दिवसभर मी मनातल्या मनात वाक्यं तुर्कीत नेत होते आणि प्रत्येक वाक्य त्या एका जागी अडत होतं. शब्द अडत नव्हता. मला माझ्याच माहितीचा उगम सापडत नव्हता.

१५ मार्च

गेल्या नोंदीत मराठीवर थोडा अन्याय झाला. मराठीत ‘म्हणे’ आहे. ‘तो म्हणे गेला’ यात तुर्की मिश ची अर्धी कामगिरी आली. उरलेली अर्धी ‘दिसतोय’ करतो: ‘पाऊस पडून गेलेला दिसतोय’, म्हणजे पडताना पाहिला नाही, रस्ता ओला आहे. शिवाय ‘वाटतं’, ‘असावा’, ‘आला असेल’. तुर्की मिश या एका प्रत्ययात जे कोंबते ते मराठी चार-पाच निरनिराळ्या छटांत सांगू शकते. मराठीत साधन नाही असं मुळीच नाही. फक्त ते वापरलंच पाहिजे असं मराठी म्हणत नाही.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ साली हेच मांडलं: भाषांमधला खरा फरक त्यांत काय सांगता येतं यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. त्यांच्या आधी मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनीही व्याकरणाकडे याच नजरेने पाहिलं होतं. मी हे पूर्वी वाचलं होतं आणि मान डोलावली होती. या आठवड्यात ते अंगाला लागलं.

२९ मार्च

‘उयुमुशुम.’ मी झोपले, पण मिश लावून. पुस्तकात हे रूप पाहून वाटलं छापताना चूक झाली. स्वतःच्याच कृतीला ऐकीव प्रत्यय कसा?

मग कळलं. वाचता वाचता डोळा लागला, जाग आली तेव्हा दिवा चालू. झोपण्याचा क्षण मी पाहिलेला नाही. तो माझ्याच बाबतीत घडला आणि मला नंतर कळला. तुर्की माणूस इथे स्वतःचा साक्षीदार होत नाही, जागा झाल्यावर पुरावा पाहून सांगतो: झोपले होते तर.

आणि मराठी काय म्हणते? ‘मला झोप लागली.’ मी झोपले असं नाही. झोप कर्ता, आणि ती मला लागली. भूक लागते, ठेच लागते, आठवण येते, राग येतो, आवडतं, सुचतं. मी यातलं काहीच करत नाही, ते माझ्याकडे येतं. लहानपणापासून रोज बोलत आलेय, पण आपली भाषा इतक्या ठिकाणी ‘मी’ला कर्तेपणाच्या खुर्चीवरून उठवून ‘मला’मध्ये बसवते याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. तुर्कीने एका कोपऱ्यातून दाखवलेली गोष्ट मराठीने दुसऱ्या कोपऱ्यातून कधीच पकडून ठेवली होती. आज मला माझ्या भाषेचा फार अभिमान वाटला.

१९ एप्रिल

वाचन. भाषा विचार घडवते का, या विषयात दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडे फार आवाज आहे.

भाषा विचार घडवते असं म्हणणारे बेंजामिन ली व्हॉर्फ आग-विम्याच्या कंपनीत तपासनीस होते. पेट्रोलच्या पिंपांना ‘रिकामी’ म्हटलं की कामगार त्यांच्याजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात, आणि आतली वाफ पेट घेते, हे निरीक्षण त्यांचं. ते मला आजही पटतं. होपी या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेत काळाची आपल्यासारखी कल्पनाच नाही हे त्यांचं म्हणणं मात्र टिकलं नाही. १९८३ साली भाषाशास्त्रज्ञ एकेहार्ट मालोत्की यांनी त्या भाषेतल्या काळविषयक रचना विस्ताराने मांडून ते खोडून काढलं. मला तर त्यासाठी होपीपर्यंत जायची गरज वाटत नाही. ‘परवा’ हा एकच शब्द आपण गेलेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांना वापरतो, म्हणून मराठी माणसाला भूत आणि भविष्य यांत गोंधळ होत नाही. ‘परवा आले’ आणि ‘परवा येईन’. क्रियापद निभावून नेतं.

रशियन भाषेत फिकट निळ्याला ‘गलुबोय’ आणि गडद निळ्याला ‘सीनी’ असे दोन वेगळे मूळ शब्द आहेत. २००७ च्या प्रयोगात दोन छटा या सीमेच्या दोन बाजूंना पडल्या की रशियन भाषकांना त्या लवकर वेगळ्या ओळखता येत. इंग्रजी भाषकांत असा फरक नव्हता. पण त्यांना मनात आकड्यांची मालिका घोळवायला सांगितली की हा फायदा गळून पडे. डोळा बदललेला नव्हता. भाषा त्या क्षणी शेजारी उभी राहून मदत करत होती, आणि तिला दुसऱ्या कामाला लावलं की मदत थांबायची.

ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिधिर भाषेत (‘कांगारू’ हा शब्द जगाला हिनेच दिला) वस्तूंच्या जागा डावी-उजवीने नाही, दिशांनी सांगतात. तुझ्या उत्तरेच्या हाताजवळ, जरा पूर्वेला सरक. बोलणाऱ्याला दिशांचं भान सतत जागं ठेवावं लागतं आणि ते राहतं. मी हे आठवडाभर करून पाहिलं. टेबलावरचा पेला पश्चिमेला, पेन दक्षिणेला. तिसऱ्या दिवशी विसरले आणि पाचव्या दिवशी विसरलेय हेही आठवेना. मला अडवणारं कुणी नव्हतं. ‘डावीकडे’ म्हटलं तरी माझं वाक्य पुरं होत होतं. मिश च्या बाबतीत तसं होत नाही, वाक्य हातातच राहतं. सवयीला बहुधा हीच अडवणूक लागते.

४ मे

वही उघडली.

जानेवारी-फेब्रुवारीतली सगळी वाक्यं वाचली आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने एक अक्षर लिहिलं: पाहिलेल्याला पा, ऐकलेल्याला ऐ, अंदाजाला अं. अक्षरं लिहायला मला आता वेळ लागत नाही. पण वाक्यांत स्वतःहून उगम सांगितलेला जवळजवळ कुठेच नाही. ‘म्हणे’ एकदाही नाही. ऐकलेलं आणि ताडलेलं, सगळं सरळ ‘झालं’, ‘गेला’, ‘ठरलं’.

२१ जानेवारीच्या पानावर तिसरं वाक्य: ‘दादा रागावलाय.’

त्यासमोर ‘अं’ लिहिलं आणि हात थांबला. मी काय पाहिलं होतं? दोनदा फोन केला, त्याने घेतला नाही. संध्याकाळी निरोप पाठवला, त्यावर ‘बघू’ एवढंच उत्तर. बाकी सगळं मी जोडलं. त्याच रात्री आईलाही फोनवर तेच सांगितलं, याच शब्दांत. आईने ते तसंच धरलं. त्यानंतर ती त्याच्याशी जपून बोलू लागली, आणि ती जपून बोलते म्हणून तो कमी बोलू लागला. आम्ही तिघंही इतके महिने त्या एका वाक्यात राहत होतो.

तुर्कीत मला ‘कझ्मश’, रागावलेला दिसतोय, असं म्हणावं लागलं असतं. ‘कझ्द’ म्हणायची माझी योग्यताच नव्हती. फरक एका प्रत्ययाचा, पण त्या प्रत्ययापाशी कुणीतरी विचारलं असतं: तिथे होतीस का?

५ मे

आईला फोन.

“आई, दादा रागावलाय असं मी तुला जानेवारीत सांगितलं होतं ना, ते मला कळलेलं नव्हतं गं. मला तसं वाटलं होतं.”

“वाटलं होतं? तू तर म्हणालीस रागावलाय म्हणून.”

“हो. चुकलं माझं.”

जरा वेळ ती गप्प. मग म्हणाली, “मग त्याला विचार तरी.”

विचारलं. “अगं, रागावलो? कधी?” दादाला आधी काही आठवेचना. मग आठवलं. अक्कलदाढ काढली होती, गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं. “आईला सांगितलं नाही, ती उगीच घाबरली असती,” म्हणाला.

२६ मे

तीन आठवडे हे मनात घोळतंय, आणि मला हा निष्कर्ष फार आवडतोय म्हणूनच तो तपासायला हवा.

कोरियन भाषेतही उगम सांगणारे प्रत्यय आहेत. ते वापरणारी लहान मुलं ‘हे तुला कसं कळलं’ हे ओळखण्यात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या पुढे असतील असं कुणालाही वाटेल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तशी आघाडी दिसली नाही. पाहणं आणि ऐकणं यांतला फरक कुठल्याही मुलाला व्याकरणाशिवाय कळतो. दुसरीकडे, २०१३ च्या एका अभ्यासात तुर्की भाषकांना दी ने सांगितलेली वाक्यं मिश ने सांगितलेल्या वाक्यांपेक्षा चांगली लक्षात राहिली. इंग्रजी भाषकांत प्रत्यक्ष आणि ऐकीव वाक्यांच्या बाबतीत असा फरक पडला नाही. म्हणजे मिश लावून आलेली गोष्ट मन जरा हलक्या हाताने धरतं.

आणि माझं काय? मला तुर्कीने बदललं की रोज नोंदी लिहिण्याने? कुणीही रोज रात्री वही घेऊन बसलं तर त्याचं लक्ष वाढेलच. मी एकटी आहे, मला स्वतःची दुसरी प्रत नाही, तेव्हा हे वेगळं काढता येणार नाही. एवढं मात्र ठामपणे लिहू शकते: पहिले दोन महिनेही मी रोज लिहीतच होते, आणि ‘दादा रागावलाय’ त्याच वहीत, त्याच रोजच्या सवयीने लिहिलं होतं.

१९ जून

आज मित्राकडून आलेल्या निरोपात एक साधं वाक्य होतं. आई मला म्हणाली, ‘कझम’, आता झोप.

कझम म्हणजे माझी मुलगी. माझ्या मित्राची आई त्याला ‘मुली’ का म्हणेल?

१७ फेब्रुवारीची नोंद काढून वाचली. ‘मित्र’, ‘त्याचं’, ‘करतो’, ‘दाखवतो’. यातलं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तुर्कीत तो, ती, ते या तिघांनाही एकच ‘ओ’, क्रियापदाला लिंग नाही, आणि नाव असं की तिकडे ते मुलाचंही असतं, मुलीचंही. चार महिने आम्ही बोलत होतो आणि तुर्कीने मला हा प्रश्न कधी विचारलाच नाही. विचारला मराठीने, पहिल्याच दिवशी, नोंद लिहिताना. ‘करतो’ की ‘करते’ ठरवल्याशिवाय वाक्य संपत नव्हतं, आणि मी क्षणभरही न थांबता ‘करतो’ लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, त्यानंतर मला तो दिसतही होता: बाह्या दुमडलेला, आरेखनावर वाकलेला. ती आकृती पूर्ण माझी.

टाळता आलं असतं का? ‘व्यक्ती’ म्हटलं तर क्रियापद स्त्रीलिंगी होतं, ‘माणूस’ म्हटलं तर पुल्लिंगी. आदरार्थीही ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाल्या’ वेगळे. मराठीत मी स्वतःबद्दल ‘गेले’ एवढं लिहिलं तरी बाई आहे हे कळतं. तुर्कीत ‘गित्तिम’ लिहून मी कुणीही असू शकते. तुर्की उगम विचारते, लिंग विचारत नाही. मराठी लिंग विचारते, उगम विचारत नाही. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं ते एकाच पद्धतीने. ‘दादा रागावलाय’ आणि ‘पुलांची आरेखनं करतो’, दोन्हीकडे मिश ची जागा होती आणि मी दी लावून मोकळी झाले.

पुलावरून आठवलं. जर्मनमध्ये पूल स्त्रीलिंगी म्हणून जर्मन लोक त्याला नाजूक म्हणतात, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून तिकडे तो दणकट, अशी एक कथा सगळीकडे सांगितली जाते. २०१४ साली तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं काही आढळलं नाही. म्हणून या नोंदीत मी वस्तूंबद्दल काही म्हणत नाही. म्हणणं माणसाबद्दल आहे, एकाच, आणि चूक माझ्या हातून झालेली आहे.

तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, मराठीत इंजिनिअर हा शब्द पुल्लिंगी आहे का? मी लिहिलं, शब्दाने काही केलं नाही, क्रियापद मी निवडलं.

८ जुलै

पहिलं भांडण, तुर्कीत. मी तिचं एक वाक्य इतकं बदललं की त्यातलं तिचं काही उरलं नाही, आणि ती चिडली. तिने लिहिलेले कडक शब्द मी शब्दकोशात पाहिले, अर्थ कळला, टोचलं मात्र काहीच नाही. त्यातला सौम्यातला सौम्य शब्द कुणी मला मराठीत म्हटला असता तर दिवस खराब झाला असता.

२००३ साली तुर्की-इंग्रजी द्वैभाषिकांवर प्रयोग झाला होता, त्वचेची विद्युतवाहकता मोजून. लहानपणी आईवडील रागावताना जी वाक्यं वापरतात ती तुर्कीत ऐकवली की शरीर जास्त दचकायचं, इंग्रजीत तीच वाक्यं ऐकवली की कमी. पहिली भाषा रागावणाऱ्यांच्या आवाजासकट आत गेलेली असते. २०१२ आणि २०१४ साली आणखी पुढचं दिसलं: शिकलेल्या भाषेत प्रश्न मांडला की लोक नफा-तोट्याच्या नुसत्या शब्दांनी कमी फसतात, आणि पाचांना वाचवण्यासाठी एकाला ढकलशील का या पेचाला ‘हो’ म्हणणारे वाढतात.

यातला पहिला भाग मला हवासा वाटतो, दुसऱ्याची भीती वाटते. अंतर मिळालं की माणूस थंड डोक्याने विचार करतो हे खरं, पण ढकलला जाणारा माणूसही त्याच अंतरावर जाऊन उभा राहतो. मी तिला दुखावलं तेव्हाही हेच झालं असणार. माझे सुधारणेचे शेरे मला परक्या भाषेत हलके वाटत होते. ती ते तिच्या आईच्या भाषेत वाचत होती.

माफी मागितली. इंग्रजीत नाही, तुर्कीत, म्हणजे तिला लागेल अशा भाषेत.

२४ ऑगस्ट

मेंदूच्या फायद्यांबद्दल एक नोंद करून ठेवते, कारण भेटेल तो तेच विचारतो. स्वीडनच्या सैन्यातल्या दुभाषी प्रशिक्षणार्थींच्या मेंदूत तीन महिन्यांच्या कसून अभ्यासानंतर काही भागांची वाढ मोजता आली (२०१२). हैदराबादला ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतही (२०१३). दोन भाषांमुळे एकाग्रता वाढते हा दावा मात्र बऱ्याच प्रयोगांत टिकलेला नाही. मी यातल्या कशासाठीही शिकत नाहीये.

१२ ऑक्टोबर

आज उलटं झालं. तुर्कीत मला काहीतरी कमी पडलं.

तिने लिहिलं: ‘कशन हिकाये ओकुयाजाअझ.’ हिवाळ्यात कथा वाचू. ‘बिझ’, म्हणजे आम्ही-आपण दोन्ही, इथे क्रियापदातच आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं. कोण वाचणार? ती आणि तिचं कुणी, की ती आणि मी? प्रकल्प महिनाअखेर संपतोय हे तिला ठाऊक आहे. विचारायचा धीर झाला नाही.

मराठीत हा प्रश्न पडलाच नसता. ‘आम्ही वाचू’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण वाचू’ म्हटलं की आत. हिंदी किंवा इंग्रजीत ही सोय नाही; गुजराती, तेलुगू, तमिळमध्ये आहे. मराठीत पाहुण्याला निरोप देताना, भांडण मिटवताना, कुणाला कामातून वगळताना आपण एवढ्या एका शब्दावर सगळं सांगतो. ‘तुम्ही आलात, आम्हाला आनंद झाला’ आणि ‘चला, आपण बसू’, दोन्हीतलं अंतर मोजून पाहावं.

शेवटी प्रश्न विचारला नाही, पण हा फरक तिला समजावून सांगितला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: म्हणजे तुम्ही ‘बिझ’ म्हणताना दर वेळी समोरचा आत आहे की बाहेर हे ठरवता? दर वेळी?

दर वेळी, असं मी लिहिलं.

३१ ऑक्टोबर

ठरल्याप्रमाणे शेवटचा दिवस. रात्रीची पाच वाक्यं लिहिली, दहा महिन्यांपूर्वीसारखीच, अक्षरं न लावता. मग पुन्हा वाचली. तिसऱ्यात ‘म्हणे’ आहे, पाचव्यात ‘दिसतंय’. लिहिताना आठवून घातलेले नाहीत.

दादाचा फोन येऊन गेला. आईचं गुडघ्याचं दुखणं बरं आहे, असं तो म्हणाला. मी विचारलं, “तू पाहिलंस तिला चालताना, की तीच म्हणाली?” “तीच म्हणाली,” दादा म्हणाला, आणि उद्या जाऊन पाहतो असंही.

निजताना तिचा निरोप. तेच वाक्य, पुन्हा, पण शेवटी तीन शब्द वाढवलेले: ‘कशन हिकाये ओकुयाजाअझ. बिझ, सेन दाहिल.’

‘दाहिल’ म्हणजे आपला ‘दाखल’. सेन दाहिल: तू धरून.

उत्तर मराठीत, देवनागरीत पाठवलं. एकच शब्द: आपण.